हसुरामभाऊंची आखणी

पेणमध्ये गणपतीचं पोट कोणीही करतं. सोंड साच्यातून निघते, मुकुट साच्यातून निघतो, उंदीर तर हल्ली इतका हुबेहूब निघतो की कारखान्यातलं मांजर त्याच्याकडे बघून दमून गेलं आहे. डोळे मात्र साच्यातून निघत नाहीत. मूर्ती वाळली, रंग बसला, की कारखान्यातला सगळ्यात जाणता माणूस तिच्यासमोर मांडी घालून बसतो आणि बारीक कुंचल्याने डोळे काढतो. याला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत ती शाडूची बाहुली असते, आणि तिच्या डोक्यावर लोक चहाचा कपसुद्धा ठेवतात. आखणी झाल्यावर तेच लोक चपला काढून उभे राहतात.

हसुराम म्हात्रे हे काम वयाच्या बाराव्या वर्षापासून करत होते. २०४१ साली त्यांना बहात्तरावं लागलं. मधल्या साठ वर्षांत त्यांनी दुसरं काहीही काढलं नव्हतं. आंबा काढा म्हटलं तर त्यालाही पापणी यायची.

त्यांनी काढलेल्या डोळ्यांत एक गंमत होती. डावी पापणी उजवीपेक्षा केसभर खाली यायची. मुद्दाम नव्हे, हातच तसा वळायचा. एवढ्याने मूर्तीचं सगळंच बदलत असे. इतरांचे गणपती भक्ताकडे बघायचे. भाऊंचा गणपती ऐकायचा. ज्यांचं आयुष्य सरकारी खिडक्यांसमोर उभं राहण्यात गेलं, त्यांना समोरचा आपलं ऐकून घेतोय ही भावना नवीन होती. ठाण्याचे वझेकाका पस्तीस वर्षं भाऊंचीच मूर्ती नेत होते. वझेकाकू गेल्यापासून त्यांच्या घरात ऐकणारा तेवढा एकच, आणि तोही वर्षातून पाच दिवस.

भाऊंची मुलगी जुई एकतीस वर्षांची. मातीकाम तिचं बापापेक्षा सरस होतं, हे बापच सांगायचा. आखणीचं मात्र जमत नव्हतं.

"चांगलेत गो बाय," भाऊ तिने काढलेल्या डोळ्यांकडे बघून म्हणायचे. "पण बाप्पा आता पाटावरून उडी मारील असं वाटतं." आणि ओलं फडकं घेऊन पुसून टाकायचे.

याला कारण होतं. नऊ वर्षांची असताना जुईच्या हाती मामेभावाचा तडा गेलेला टॅब आला होता, आणि त्यात 'सातवं बेट' नावाचा गेम होता. त्यातली पात्रं काढली होती इसामू तोदोरिकी नावाच्या एका जपानी चित्रकाराने. अर्धा चेहरा डोळ्यांनी भरलेला, खालच्या पापणीची रेघ किंचित थरथरती, आता रडावं की लढावं हे ठरलेलं नाही अशी, आणि बुबुळात दोन चमका, एक मोठी, एक छोटी. गेम जुई सहा महिन्यांत विसरली. डोळे चार वर्षं वह्यांमध्ये काढत राहिली. पुढे कलामहाविद्यालयात सर म्हणाले, "तुझी स्वतःची शैली आहे." तिने त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मग भाऊंचा हात थरथरायला लागला. आधी बशीत चहा सांडला, मग कुंचल्यातून पापणी सांडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हात आणखी दोन सीझन." डॉक्टरही पेणचेच, आयुष्य सीझनमध्ये मोजणारे.

दोन सीझननंतर ती डावी पापणी जगात कुठेच नसणार होती. जुई त्या विचाराने तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी तिने जुन्या कारागिरांचा हात जपून ठेवणाऱ्या एका सरकारी योजनेचा अर्ज भरला.

---

योजनेच्या सोनटक्केबाई माघात आल्या. सोबत एक पेटी, आणि पेटीत 'हातोटी'.

हातोटी म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची एक काळी बाही. आतून शंभरावर बारीक चकत्या. हात हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो तो विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांनी, आणि कातडीवर कान लावला तर त्या ऐकू येतात. बाही त्या ऐकते, लक्षात ठेवते, आणि नंतर दुसऱ्या कोणाच्या हातात तशाच ठिणग्या सोडते. मग तो दुसरा हात पहिल्यासारखा चालतो. महिनाभर असा चालला की बाही काढली तरी तसाच चालतो. पियानो शिकणाऱ्यांनी, दात बसवणाऱ्यांनी हे यंत्र आधीच डोक्यावर घेतलं होतं.

"म्हणजे भाऊंचा हात मला मिळेल?" जुईने विचारलं.

"तुम्हाला, तुमच्या मुलांना, कोणालाही," सोनटक्केबाई म्हणाल्या. "फक्त आधी मशीनची आणि काकांची ओळख व्हायला हवी."

अडचण अशी, की प्रत्येक हाताची ठिणग्यांची भाषा वेगळी असते. भाऊंचा हात काय बोलतो ते समजायला हातोटीला आधी भाऊंकडून ओळखीची वाक्यं वदवून घ्यावी लागणार होती. म्हणजे ज्याच्या रेघा यंत्राला तोंडपाठ आहेत असा एखादा उस्ताद भाऊंच्या हातात सोडायचा, त्याच्या रेघा भाऊंकडून काढून घ्यायच्या, आणि त्या वेळी भाऊंच्या ठिणग्या कशा उडतात ते टिपायचं. चाळीस तास. मग उस्तादाला रजा द्यायची आणि भाऊंना त्यांचं त्यांचं काढू द्यायचं.

यंत्रात चार उस्ताद होते. एक दिवंगत सुलेखनकार, एक घड्याळांवर कोरीवकाम करणाऱ्या स्विस बाई, एक चेन्नईचे डोळ्यांचे सर्जन, आणि इसामू तोदोरिकी.

जुईला मामेभावाचा तडा गेलेला टॅब आठवला.

"डोळे काढणारा माणूस बरा," ती म्हणाली.

"सर्जनही डोळेच काढतात," सोनटक्केबाई म्हणाल्या.

"तोदोरिकी लावा."

"आणि सरावाला एक मूर्ती लागेल. वाया गेली तरी चालेल अशी."

वरच्या फळीवर गेल्या वर्षीची एक राहिली होती. नाशिकच्या एका घरात ऐनवेळी सुतक आलं, ते न्यायला आलेच नाहीत. राहिलेली मूर्ती पुढल्या सीझनला पुन्हा उभी करायची तर तिचे डोळे खरवडून नवा हात देतात. शिळ्या डोळ्यांनी नवं वर्ष बघत नाहीत, असा म्हात्र्यांच्या कारखान्यातला आजोबांपासूनचा नियम. जुईने ती खाली उतरवली, पॉलिश पेपर घेतला, आणि डोळे साफ केले. दोन मिनिटं लागली. वरून पांढरा हात दिला. ती कामात स्वच्छ होती.

---

बाही चढवली आणि भाऊंचा हात थरथरायचा थांबला.

ते हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी कुंचला उचलला, त्याच मूर्तीवर एक डोळा काढला, पुसला, पुन्हा काढला. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "थांब, तोंडारकर रंगात आलेत."

"तोदोरिकी, भाऊ."

"तेच ते. नागोठण्याच्या अलीकडचे की पलीकडचे?"

"जपानचे."

"म्हणजे पलीकडचेच. पण बारीक हात आहे हो माणसाचा."

चाळीस तास बारा दिवसांत झाले. तेराव्या दिवशी जुई बाही काढायला गेली, तर भाऊंनी हात मागे घेतला. "राहू दे की थोडी. बशी धरता येते." तिने बापाला वर्षभरात असं हसताना बघितलं नव्हतं. तिने राहू दिली. चाळीसाचे साठ झाले, साठाचे शंभर.

मग रीतसर नोंद झाली. उस्ताद बंद, बाही फक्त ऐकणार, भाऊ त्यांचे त्यांचे डोळे काढणार. पन्नास मूर्तींची आखणी बाहीने टिपून घेतली; जुई भाऊंच्या न थरथरणाऱ्या हाताकडेच बघत राहिली, डोळ्यांकडे नाही. सोनटक्केबाईंनी पेढे वाटले. आखणी टिकली, असं योजनेच्या अहवालात छापून आलं.

आषाढात जुईने बाही स्वतःच्या हातावर चढवली. डोळे मिटले, कारण बापाचा हात आपल्या हातात येणार म्हणून ते भरून आले होते. हात चालला. पापणी, पापणी, बुबुळ. आणि मग, कुंचला जरा उलटा करून, दोन टिंबं.

तिने डोळे उघडले. मूर्ती उडी मारायच्या तयारीत होती.

तिला वाटलं, आपलीच खोड मध्ये आली. ती धावत भाऊंकडे गेली. "भाऊ, बाही न घालता एक डोळा काढा ना."

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना तो खडखडला. मग कुंचला घेतला, आणि रेघ सुतासारखी सरळ आली. थरथर चहासाठी परत आली होती. तोंडारकरांच्या रेघेला ती माहीतच नव्हती. दोन सारख्या पापण्या. दोन चमका, एक मोठी, एक छोटी.

"भाऊ, डावी पापणी?"

"काय झालं तिला?"

"खाली असते."

"कोणाची?"

"तुमची."

भाऊ हसले. "बाय, साठ वर्षं काढतोय. दोन्ही सारख्या असतात. तू दमलीस. जा, पड जरा."

---

सोनटक्केबाईंनी फोनवर समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. सवयीची कामं त्याच्याकडे. हात कुठे जाईल याचा तो आधी अंदाज बांधतो, आणि हात दुसरीकडे गेला तर आपलंच चुकलं असं समजून अंदाज दुरुस्त करतो. बाही भाऊंचा हात केसभर वर ढकलत होती. लहान मेंदू बिचारा दर वेळी म्हणत होता, माझं चुकलं, आणि दुरुस्ती करत होता.

"बहुतेकांचं आठवड्यात मूळपदावर येतं," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हाताला पन्नास कामं येतात, एक वाट बुजली तर बाजूच्या वाटा असतात. काकांना एकच रेघ येत होती ना."

"आणि ते ओळखत कसे नाहीत?"

"हात बदलला की नजरही बदलते. नाहीतर आपण सगळे आरशात बघून किंचाळलो असतो."

"पहिल्या दिवसाच्या ठिणग्या? त्यात असेल ना जुना हात?"

"आहे. पण त्यात तोदोरिकीही आहेत. चहात साखर विरघळल्यावर वेगळी मागण्यासारखं आहे ते." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "अहवालात दुरुस्ती करायची का?"

"काय लिहाल?"

"तेच मलाही सुचत नाहीये."

मग जुई जुने डोळे शोधायला निघाली. साठ वर्षं, हजारो मूर्ती. आणि एकही नाही, कारण गणपतीची मूर्ती करतात ती बुडवायला. भाऊंची सगळी कारकीर्द तळ्यांच्या, खाड्यांच्या आणि बादल्यांच्या तळाशी चिखल होऊन बसली होती. हा धंदाच असा की दरवर्षी पुरावा नष्ट करायचा, आणि तोही वाजतगाजत.

फोटो होते. गिऱ्हाइकांकडून तिने चारेकशे मिळवले. जुन्या फोटोंत हार, समई, मखर, मोदक आणि मध्ये मूर्तीच्या जागी फ्लॅशचा गोळा. नवे फोटो स्वच्छ होते, इतके की फोननेच ते सुधारून ठेवले होते. गेली पंधरा वर्षं फोन कोणाचाही चेहरा दिसला की न विचारता त्याचे डोळे टपोरे आणि सारखे करत आला होता. देव आणि सेल्फी यांत त्याने भेदभाव केला नव्हता.

शेवटी तिने तोदोरिकींनाच पत्र लिहिलं. ते फोनवर आले. बासष्ट वर्षांचे, बारीक, मागे कोरी भिंत. मध्ये भाषांतराचं यंत्र होतं. त्याला मराठी येत होतं, पण शाळेच्या पुस्तकातलं.

"आदरणीय जुई," यंत्र म्हणालं, "आपल्या पित्याच्या हस्ताची हानी झाली, याबद्दल मी नतमस्तक आहे." पडद्यावर तोदोरिकी खरोखरच वाकले होते.

"तुमचा राग नाही हो. मी लहानपणापासून तुमचेच डोळे काढते. मला फक्त विचारायचं होतं, तुमच्या हातातून बाहेर कसं पडायचं."

ते बराच वेळ गप्प होते. यंत्राने मध्येच "शांतता" असं भाषांतर केलं.

"तो हस्त माझाही नव्हे," मग आवाज आला. "पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीने माझी रेषा नोंदवली. तदनंतर खेळाडूंना काय रुचते ते पाहून तिच्यात सुधारणा केल्या. मी एकच चमक काढीत असे. दुसरी चमक माझी नव्हे. आता मी दररोज प्रातःकाली एक तास बाही परिधान करतो. अन्यथा माझी चित्रे माझ्यासारखी येत नाहीत व लोक तक्रार करतात."

जुईला हसू आलं, आणि ते आलं याची लाज वाटली.

"आपल्या पित्याने काढलेले नेत्र मला पाहावयाचे आहेत," तोदोरिकी म्हणाले. "कृपया एकदा दाखवा."

तिने इकडेतिकडे बघितलं. कारखान्यात सहाशे मूर्ती होत्या. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

---

तो सीझन म्हात्र्यांच्या कारखान्याचा आजवरचा सगळ्यात मोठा ठरला. मुलं आईबापांना ओढत आणायची. "आई, हाच! सातवं बेटवाला!" गेम नव्याने बाजारात आला होता. भाऊ दारात खुर्ची टाकून बसायचे आणि कौतुक ऐकायचे. साठ वर्षांत त्यांच्या डोळ्यांना कोणी 'क्यूट' म्हटलं नव्हतं. त्यांनी जुईला अर्थ विचारला. तिने सांगितला. त्यांना पटला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी वझेकाका आले. पाट त्यांनी रीतीप्रमाणे आषाढातच आणून ठेवला होता. त्यावर मूर्ती तयार होती. मूर्ती न्यायची तर तोंडावर टाकायला रुमाल लागतो, तो धुऊन इस्त्री करून खिशात. त्यांनी खिशात हात घातला, मूर्तीकडे बघितलं, आणि हात खिशातच राहिला.

"जुई."

"काय, काका?"

"याला काय हवंय?"

"म्हणजे?"

"नाही, असा बघतोय की आधी याचंच काहीतरी ऐकून घ्यावं लागेल." त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्याकडे पाच दिवस असतात गं. वर्षभराचं साठलेलं असतं. गुडघ्याचं आहे, मुलाच्या फोनचं आहे, हिचं तर आहेच. एवढ्या उत्साही माणसाला कसं सांगू?"

जुईने त्यांना खरं ते सगळं सांगितलं. गावात ती हे प्रथमच कोणाला सांगत होती.

वझेकाका पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "जुनी एखादी? राहिलेली, तडकलेली, कशीही?"

आणि जुईला ती आठवली.

तिने शिडी लावली. वरच्या फळीवरून नाशिकवाल्यांची मूर्ती खाली काढली. शंभर तास काढून काढून पुसलेल्या डोळ्यांचा त्या चेहऱ्यावर थर चढला होता. जुईने ओलं फडकं घेतलं. एक डोळा गेला, खाली दुसरा. तो गेला, खाली तिसरा, प्रत्येकात दोन चमका. मग पांढरा रंग. त्याच्याखाली शाडू. ती बोटाच्या टोकाने चाचपू लागली. कुंचला दाबून फिरवला तर शाडूवर कधीकधी त्याची खूण राहते. केसभर पुरली असती. डावीकडची, केसभर खालची.

गुळगुळीत होतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि तिने ते मन लावून केलं होतं.

"मीच साफ केले, काका," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

वझेकाका त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत होते. नुसत्या शाडूच्या खोबणी, वर कपाळाची सावली. ते खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"हा ऐकतोय," ते म्हणाले.

"काका, डोळ्यांशिवाय पूजेला नाही बसवत."

"मला माहीत आहे. पण ऐकतोय." त्यांनी मान जरा पुढे केली. "हीच दे मला. झाकूनच ठेवीन. कोण येतं माझ्याकडे बघायला?"

जुईने मूर्ती उचलली, त्यांच्या पाटावर ठेवली. महिन्याभरात पहिल्यांदा तिला श्वास पुरा आला.

"काय गो, काय चाललंय?" भाऊ दारातून आत आले. "अरे, वझे! आणि हे काय? डोळ्यांशिवाय देतेस गिऱ्हाइकाला? पस्तीस वर्षांचा माणूस आपला!"

"भाऊ, ती तशीच—"

"गप. म्हातारा झालो म्हणून अब्रू घालवतेस काय?"

ते मांडी घालून बसले. कुंचला पाण्यात बुडवला, रंगात फिरवला, ओठांनी टोक केलं, सगळं साठ वर्षांच्या सवयीने. वझेकाका उठून नको म्हणणार होते. जुईने बघितलं, त्यांचे ओठ हललेही. पण भाऊंच्या चेहऱ्यावर तो आनंद होता, हात थरथरत नाही याचा. तो बघून कोणाच्याने बोलवलं असतं?

पापणी. पापणी. बुबुळ. दुसरीकडेही तसंच, अगदी तसंच. मग कुंचला उलटा करून दोन टिंबं, एक मोठं, एक छोटं.

भाऊंनी मान तिरकी करून बघितलं. "घ्या, वझे. कसे आहेत?"

"छान," वझेकाका म्हणाले. "अगदी नेहमीसारखे."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमाल टाकताना त्यांनी थोडी घाई केली, एवढंच.